वहिनीच्या दोन नळ्या

माझा हात हलका आहे, असं आमची अख्खी वाडी म्हणायची. सुई टोचली तरी कळत नाही म्हणे. मला त्याचा भारी गर्व होता, आता लपवून काय उपयोग! आम्हा कातकऱ्यांच्या त्या वाडीतून दहावी झालेली पहिली मुलगी मी, आणि पेणच्या एका लहानशा संस्थेत राहून रक्त काढायला शिकलेलीही पहिलीच. कासू स्टेशनावर उतरून डोंगराच्या अंगाला तासभर चाललं की आमची घरं लागतात. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा बावीस-तेवीसची असेन. अंगात मस्ती होती आणि तोंड तर असं की आई म्हणायची, हिला सासरी कोण ठेवून घेणार.

आधी रक्ताचं सांगते. आमच्यातल्या काही माणसांच्या रक्तात जन्मापासूनच एक गोष्ट कमी असते. आईबापाकडूनच येते ती. एरवी त्याचं काही दुखत नाही, खुपत नाही. माणूस लाकडं फोडतो, मासे धरतो, लग्नात रात्रभर नाचतो. पण हिवतापावर एक गोळी देतात, ती अशा माणसाच्या पोटात गेली की रक्त आतल्या आत फुटायला लागतं. लघवी कोऱ्या चहासारखी काळी होते. वाडीत अशी माणसं गेली होती. भगत म्हणायचा, बाहेरची बाधा. गोळीवर कुणाचा संशय गेला नाही, कारण त्याच गोळीनं शेजारचा बरा व्हायचा.

संशय आला तो पेणच्या आमच्या डॉक्टरबाईंना. त्यांनी मला समजावलं, सगळ्यांचं रक्त एकदा तपासलं तर गोळी कुणाला चालते नि कुणाला नाही ते कायमचं कळेल. मी उड्या मारत वाडीत आले आणि सांगितलं. लोकांनी मला उडवून लावलं. त्यांचंही बरोबर होतं. पूर्वी एकदा मुंबईची माणसं येऊन गेली होती. तुमची जात मूळची कुठली ते रक्तावरून कळतं, म्हणाली. सगळ्यांना रांगेत बसवून रक्त घेतलं, पोरांना बिस्किटं वाटली आणि गेली ती गेलीच. आमचं मूळ कुठलं ते त्यांना कळलं असेल तर असेल. आम्हाला कुणी काही कळवलं नाही.

शेवटी तोंड उघडलं ते वाडीच्या सुइणीनं. म्हातारी काटक आणि महाखट. माझी नाळ तिनंच कापलेली, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा तिला जन्मसिद्ध हक्क.

"रक्त देऊ," ती म्हणाली, "पन आमच्या म्हनन्यापरमानं. ज्याचं त्याला कागद हातात पायजे. एक यादी वाडीत ऱ्हायली पायजे, देवाच्या पेटीत. न उरलंसुरलं रक्त परत आनायचं."

"परत आणून काय करायचंय?" मी म्हटलं.

"काय करायचंय म्हंजे? बाय बाळंत झाली का वार आपन घराच्या मागं पुरतो का मुंबईला धाडतो? अंगातनं निघालेलं असं परक्याच्या घरात ठेवत नाय. दहावी झालीस न येवढं कळत नाय?"

सगळे हसले. मीही हसले. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्यांनी ते जसंच्या तसं पैसे मागायच्या अर्जात लिहिलं. काम वाडीची पंचमंडळी चालवतील, रक्त वाडीचीच मुलगी काढेल, मालकी वाडीची. अर्ज उंबराखाली वाचून दाखवला, लोकांनी अंगठे उठवले. पैसे देणाऱ्या दोन ठिकाणांहून नकार आला. तपासणीला पैसे मिळतील, असल्या कार्डांना आणि पेट्यांना मिळणार नाहीत, असा त्याचा अर्थ. पळसाला पानं तीनच. तिसऱ्या ठिकाणची माणसं मात्र गाडी घेऊन बघायला आली. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, इथे प्रमुख कोण? सुईण म्हणाली, "आमी." तो म्हणाला, आमी म्हणजे कोण? ती म्हणाली, "बसलोत ते." त्या दिवशी मला आमच्या माणसांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

ते हो म्हणाले. त्यांची एकच अट होती. वाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं रक्त आलं पाहिजे, एकही सुटता कामा नये. अर्धवट झालं तर पुढच्या आठ वाड्यांना पैसा मिळणार नाही. रोह्याच्या बाजूच्या त्या आठ वाड्या. तिथे माझी मावशी दिलेली, मैत्रिणी दिलेल्या. तिथेही माणसं काळं पाणी करून मेलेली. त्यांचंही आता माझ्या सुईवर होतं.

दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, म्हणून नवरात्रातच दोन दिवस धरले. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. पहिल्या दिवशी गर्दी झाली म्हणून डॉक्टरबाईंनीही शेजारी दुसरं मांडलं. माझ्या हलक्या हाताची कीर्ती सांगत बायका येत होत्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला आलं तेव्हा यादीवर एकच नाव कोरं राहिलं. माझ्या चुलत भावाचं.

दादा म्हणजे कोण ते सांगायला पाहिजे. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून शाळेच्या काठाला सोडणारा हा. स्वतः दुसरीत शाळा सोडली, पण माझं दप्तर डोक्यावर धरून पाण्यातून चालायचा. मी पेणहून शिकून आले तेव्हापासून मला "डॉक्टरीणबाय" म्हणायचा आणि उगाच खोकून दाखवायचा. तो त्या आठवड्यात डोलवीला कंपनीच्या कामावर, ठेकेदाराकडे होता. येतो म्हणाला होता, आला नाही. डबल शिफ्ट लागली, असा निरोप आला. आणि रक्त घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणारी बर्फाची पेटी संध्याकाळी निघणार होती.

वहिनी माझ्या समोर बसली होती. तिचं रक्त काढून झालं होतं, कापूस दाबून बसलेली. मोठी हसरी बाई, खिदळायला लागली की कोंबड्या पळायच्या. तिनं माझं तोंड बघितलं आणि दुसरा हात टेबलावर ठेवला.

"त्यांचं ह्यातनं घे," म्हणाली.

आमच्यात सगळं चुलीमागं चालतं. देवाला नारळ चुलीमागं एक. रस्त्याच्या कामाला माणूस चुलीमागं एक. घरचा बाप्या नसला तर बायको उभी राहते, ती नसली तर सासू. चूल हजर म्हणजे घर हजर. यात कुणी कुणाला फसवत नाही, असंच असतं. वहिनीला तर यात विचारण्यासारखंही काही वाटलं नाही. एका चुलीवरचं खातो, एका नदीचं पितो, रक्त काय वेगळं असणार?

पण मला ठाऊक होतं. हे मला आज लिहायचंच आहे. मला शिकवलेलं होतं, प्रत्येकाचं रक्त वेगळं. ठाऊक असून मी सुई घेतली. म्हटलं, दादा घोड्यासारखा धडधाकट आहे, त्याला काय होतंय! म्हटलं, एका नावासाठी आठ वाड्या बुडतील. वहिनीला विचारलं, "नाव काय लिहू?" आणि डोळा मारला. ती लाजली. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. उखाण्यातसुद्धा लोकांनी पिदडलं तेव्हा पळून गेलेली. मीच नळीवर त्याचं नाव लिहिलं, सुबक अक्षरात, बापाच्या नावासकट.

कार्डं आली ती थंडीत, त्यांवर नावं मीच लिहिली. लाल कार्ड म्हणजे ही गोळी द्यायची नाही, पांढरं म्हणजे चालेल. वाडीत लाल निघाली ती मूठभरच. ज्यांना लाल आलं त्यांनी ती गाठोड्यात जपून ठेवली, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधली. शिमग्याच्या आधी एका पोरसवदा बाईला हिवताप आला, गोळ्या द्यायला आलेल्या माणसानं लाल कार्ड बघितलं आणि ती गोळी बाजूला ठेवली. बाई वाचली. पैसेवाल्यांनी तिचा फोटो काढून नेला. सुईण मला म्हणाली, "बरीक कामाची निघालीस." तिच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदकच.

पावसाळ्यात दादाला ताप भरला. डोलवीहूनच घेऊन आला होता. रक्ताची काच तपासून आली, हिवतापच. गोळीवाल्यानं कार्ड मागितलं. वहिनीनं पांढरं कार्ड काढून दिलं. मी तेव्हा पेणला होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत पाय ठेवला आणि वहिनी मला हाताला धरून घरामागं घेऊन गेली. तिथे पत्र्याचा डबा होता. "बग गो, असं काय होतंय त्यांना?" मी डब्यात बघितलं. कोरा चहा. आत दादा पडला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून खोकून दाखवायला गेला आणि दमला.

चौघांनी त्याला झोळीत घालून कासूला आणलं, तिथून रोह्याच्या गाडीत. मी त्याच्या डोक्याशी बसले होते. नागोठणं आलं, गेलं. मी मनात सारखी म्हणत होते, उतरलं की सांगू, उतरलं की सांगू.

रोह्याच्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर शहाणे होते, पहिला प्रश्न त्यांनी बरोबर तोच केला. ही गोळी चालते का याला? तपासणी झालीय का? वहिनीनं पुढे होऊन पांढरं कार्ड त्यांच्या हातात दिलं. किती भरवशानं दिलं! आपलं कार्ड, आपल्या वाडीचं. डॉक्टरांनी उलटसुलट बघितलं, म्हणाले, छान, हे काम चांगलं केलंय तुम्ही लोकांनी. मग गोळीमुळे नाही हे. जबरदस्त मलेरिया दिसतोय, कोर्स पुरा करा.

आणि मी तिथे उभी होते.

काय काय आलं डोक्यात त्या क्षणी! आत्ता बोलले तर सगळी कार्डं खोटी ठरणार. म्हणतील, बघा, अडाण्यांच्या हातात काम दिलं की असं होतं. आठ वाड्या. सुईण. लाल कार्डावर वाचलेली ती बाई. आणि खरं सांगू? सगळ्यांच्या आधी मी स्वतः. माझी लाज. ती आधी आली, आठ वाड्या नंतर. नर्सनं चौथी गोळी दिली. दादानं पाण्याचा घोट घेऊन ती गिळली. मी बघितलं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, रक्त फार खाली गेलंय, चढवावं लागेल, घरचं कोण देतं? वहिनीनं ताबडतोब बाही वर केली. तिचं तपासलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं चालणार नाही, तुमचा गट वेगळा आहे.

वहिनीला ते पटेना. तिनं हात तसाच पुढे धरून ठेवला. डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तवा कसं चाललं गो?" म्हणाली.

चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. तिला खरंच कळत नव्हतं आणि तिला वाटलं मला कळत असेल.

मी बोलले मग. सगळं बोलले. डॉक्टर धावत आत गेले. गोळी बंद केली. माझा गट जुळला, माझी एक बाटली त्याला चढवली. अलिबागहून आणखी रक्त मागवलं, ते यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर लघवीच बंद झाली होती. मुंबईला न्यायचं ठरलं, गाडी ठरवली. दादा गाडीत बसायच्या आधीच गेला.

डॉक्टर मला म्हणाले, एका गोळीनं असा मोठा फरक पडला नसता बहुतेक. चांगला माणूस, म्हणून म्हणाला. त्यातलं 'बहुतेक' माझ्यापाशी राहिलं.

दिवस झाल्यावर मी वाडीला उंबराखाली बोलावलं. आई म्हणाली, गप बस, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आणखी किती मुठी झाकलेल्या होत्या कुणाला ठाऊक! मी सगळ्यांसमोर सांगितलं, दादाच्या नावानं वहिनीचं रक्त मी घेतलं. आणि विचारलं, आणखी कुणाच्या कार्डात दुसऱ्याचं रक्त आहे?

मला वाटलं आता दगड येणार. मग एक म्हातारा उठला, त्यानं आपलं पांढरं कार्ड माझ्या पायाशी ठेवलं. सुईला भ्यायलो, म्हणाला, रांगेत माझ्या नावानं माझा भाव बसला. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंच्या टेबलापुढे. मग एक बाई आली. मग दोघं भाऊ. असं करत करत कार्डांचा ढीगच झाला. आपलेच दात, आपलेच ओठ. सगळ्यांत शेवटी सुईण उठली आणि तिनं आपलंही ठेवलं. तिचं तर तिचंच रक्त होतं, मी स्वतः काढलेलं.

"आजी, तुझं खरं आहे," मी म्हटलं.

"आसंल," ती म्हणाली. "आता कुनाला खरं वाटंल?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, मरेपर्यंत.

डॉक्टरबाईंनी सगळं खरं लिहून पाठवलं. उत्तर दोन महिन्यांनी आलं. नमुने भरवशाचे नाहीत, सबब काम थांबवण्यात येत आहे. आम्ही पुन्हा अर्ज केला, सगळ्यांचं नव्यानं रक्त घेऊ, वाडीतलेच दोन जण साक्षीला बसवू. नाही म्हणाले. रोह्याकडच्या वाड्यांत सुई गेलीच नाही. तिथून पुढच्या पावसात काळ्या पाण्याची बातमी आली, माझ्या मावशीच्या वाडीतून. मी कुणाचं झालं ते विचारलंसुद्धा नाही.

वर्ष झालं दादाला. वहिनी एक दिवस पेणला माझ्याकडे आली. म्हणाली, ते रक्त परत मिळायचं ठरलेलं ना? मी म्हटलं, हो, ठरलं होतं. "चल मग."

मुंबईला गेलो. प्रयोगशाळेची मोठी इमारत, खिडकीमागे एक कारकून. मी आमचा कागद दाखवला. त्यानं मोठी वही ओढली आणि विचारलं, "कोणाच्या नावाचा नमुना?"

मी सांगणार तेवढ्यात वहिनीनं मला बाजूला सारलं. खिडकीच्या गजांना धरलं आणि दादाचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. मोठ्यानं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

कारकुनानं बोट फिरवलं. नाव आहे म्हणाला, पण नमुने परत देत नाहीत, नियमात बसत नाही.

"रक्त माझंच हाय त्यातलं," वहिनी म्हणाली. "ते ठेवा. त्यावर नाव हाय ते द्या."

त्याला काही समजलं नाही. वरच्या साहेबांना भेटा म्हणाला, साहेब रजेवर होते.

आम्ही परत आलो. घरामागं तिनं जायच्या आधीच वीतभर खड्डा खणून ठेवला होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, त्यांचं कार्ड तुझ्याकडं हाय ना, ते आन. रोह्याहून ते मीच परत आणलं होतं. घरून आणून दिलं. तिला वाचता येत नाही. तिनं नावावरून बोट फिरवलं, बरोबर नावावरूनच, आणि कार्ड खड्ड्यात ठेवून वर माती लोटली. माती पडेपर्यंत मी ते वाचत होते. अक्षर माझं होतं, सुबक, कुठे खाडाखोड नाही.